सर आयर कूट : रणांगण आणि अधिकार

अठराव्या शतकातील इंग्रज-फ्रेंच संघर्षाच्या इतिहासात सर आयर कूट याचे नाव प्रामुख्याने वांदिवाश आणि पोर्टो नोव्हो या दोन लढायांशी जोडले जाते. पहिलीमुळे भारतातील फ्रेंच सत्तेचा कणा मोडला, दुसरीमुळे हैदर अलीच्या तडाख्यातून मद्रास वाचले, असे त्याच्या कार्याचे सर्वसाधारण मूल्यमापन असते. ते चूक नाही. पण अपुरे आहे. कूटचे चरित्र केवळ विजयांची मालिका म्हणून वाचले तर त्यातील एक गोष्ट निसटते. जवळजवळ प्रत्येक मोहिमेत त्याला शत्रूखेरीज आणखी एका पक्षाशी झगडावे लागले, आणि तो पक्ष त्याच्याच बाजूचा होता. फौजेवर हुकूम कोणाचा, राजाच्या सनदेचा की व्यापारी कंपनीच्या कौन्सिलचा, हा प्रश्न १७५७ मध्ये कलकत्त्याच्या किल्ल्याच्या दरवाजात त्याच्यापुढे उभा राहिला आणि १७८२ मध्ये मद्रास सोडतानाही तो सुटलेला नव्हता.

कूटचा जन्म १७२६ मध्ये आयर्लंडच्या लिमरिक परगण्यात, किलमॅलॉकजवळ झाला. वडील धर्मोपदेशक. घराणे मूळचे इंग्लंडमधून येऊन आयर्लंडमध्ये जमीनजुमला मिळविलेल्या प्रॉटेस्टंट वर्गातले. इतिहासकार ज्यांना अँग्लो-आयरिश म्हणतात तो हा वर्ग मोठा विलक्षण होता. बहुसंख्य कॅथलिक प्रजेच्या देशात तो सत्ताधारी होता, पण लंडनच्या दृष्टीने दुय्यम. त्यातील धाकट्या मुलांना वडिलोपार्जित इस्टेटीत वाटा नसे. त्यांच्यापुढे धर्मपीठ किंवा पलटण हे दोनच मानाचे मार्ग असत. कूटने दुसरा धरला. २७ व्या पायदळ पलटणीत तो दाखल झाला आणि १७४५-४६ मध्ये स्कॉटलंडमध्ये स्टुअर्ट राजपुत्राच्या बाजूने झालेल्या बंडाच्या वेळी राजाच्या सैन्यात होता. याच बंडात समोरच्या बाजूला आयरिश कॅथलिक निर्वासिताच्या पोटी फ्रान्समध्ये जन्मलेला एक अधिकारी होता. त्याचे नाव तोमा आर्थर लाली. चौदा वर्षांनी हे दोघे वांदिवाशच्या मैदानात समोरासमोर आले. आयर्लंडच्या सतराव्या शतकातील फाळणीचे दोन तुकडे असे तामिळ प्रदेशात येऊन एकमेकांवर आदळले, हे युरोपीय इतिहासातही फारसे कोणी ठळकपणे सांगत नाही.

१७५४ मध्ये ३९ वी पलटण मद्रासला आली. भारतात पाऊल ठेवणारी ही इंग्लंडच्या राजाची पहिली पायदळ पलटण होय. कूट तिच्यात होता आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन झाला. या आगमनाने कंपनीच्या राज्यात एक नवी गुंतागुंत निर्माण झाली. तोपर्यंत कंपनीचे शिपाई, कंपनीचे अधिकारी आणि त्यांच्यावर कंपनीचे कौन्सिल अशी सरळ उतरंड होती. आता राजाची सनद घेतलेले अधिकारी शेजारी येऊन उभे राहिले. त्यांची निष्ठा राजाशी होती, पण पगार, रसद आणि बैल मात्र कौन्सिलकडून मिळत.

ही गुंतागुंत २ जानेवारी १७५७ रोजी उघडी पडली. सिराजउद्दौल्याने घेतलेले कलकत्ता परत मिळविण्यासाठी ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह बंगालमध्ये उतरले होते. फोर्ट विल्यममध्ये प्रथम शिरला तो कूट. वॉटसनने त्याला किल्ल्याचा अंमल देणारे पत्र दिले होते आणि कंपनीच्या माणसांना आत घेऊ नये असा त्याचा समज होता. क्लाइव्ह आला, तो अडविला गेला, आणि दोघांची जुंपली. क्लाइव्हपाशीही राजाची लेफ्टनंट कर्नलची सनद होती आणि हुद्द्याने तो वरचढ होता. त्याने कूटला अटकेची धमकी दिली. अखेर वॉटसनने स्वतः येऊन किल्ल्या आपल्या हाती घेतल्या आणि पुढे कंपनीच्या कारभाऱ्यांकडे सोपविल्या. शत्रू शहरातून हटून काही तासही उलटले नव्हते. प्रसंग वरकरणी हास्यास्पद, पण त्यातील मुद्दा पोरकट नव्हता. जिंकलेला प्रदेश राजाचा की कंपनीचा, याचे उत्तर त्या दिवशी कोणापाशीच नव्हते.

सहा महिन्यांनी प्लासीची लढाई झाली. तीपूर्वी २१ जून रोजी काटव्याला झालेल्या युद्धसभेत क्लाइव्हने स्वतःच थांबण्याच्या बाजूने मत दिले आणि बहुमत त्याच्याकडे गेले. कूटने विरोध केला. सैन्याचा उत्साह टिकून आहे तोवर चालून जावे. वेळ काढल्यास जाँ लॉ हा फ्रेंच अधिकारी नवाबाला येऊन मिळेल. आणि कलकत्त्यापासून एवढ्या अंतरावर रसदीविना मुक्काम करणे म्हणजे उपासमार ओढवून घेणे, असा त्याचा युक्तिवाद होता. सभा संपल्यावर क्लाइव्हने विचार बदलला आणि नदी ओलांडण्याचा हुकूम दिला. प्लासीचे श्रेय क्लाइव्हला मिळाले. ज्या युक्तिवादाने ती लढाई झाली तो मात्र आधी कूटने मांडलेला होता. त्यातील तिसरा मुद्दा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे पंचवीस वर्षे रसद हाच कूटच्या चिंतेचा विषय राहिला. लढाईनंतर जाँ लॉचा पाठलाग करण्यासाठी त्याला पाठविण्यात आले. ऐन पावसाळ्यात, कुरकुरणारी फौज घेऊन, सुमारे चारशे मैल तो गेला. लॉ हाती लागला नाही, पण बिहारमधून फ्रेंचांचा पाय निघाला.

१७५९ मध्ये कूट ८४ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल म्हणून मद्रासला परतला. तत्कालीन कागदपत्रांत कर्नाटक म्हणून येणारा प्रदेश म्हणजे आजचा कर्नाटक नव्हे. अर्काटच्या नवाबाचा मुलूख, म्हणजे स्थूलमानाने आजच्या तामिळनाडूचा उत्तर व मध्य भाग, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. या मुलखात फ्रेंचांचा सेनापती लाली होता. शूर, पण कमालीचा तापट आणि हिंदुस्थानी राजकारणाविषयी तुच्छता बाळगणारा. त्याने १७५८ मध्ये हैदराबादहून बुसीला परत बोलावून घेतले होते. मराठी कागदपत्रांतून मुसाबुसी म्हणून भेटणारा हाच तो बुसी. निजामाच्या दरबारात त्याने सात वर्षे घालवून उभी केलेली फ्रेंचांची पत लालीच्या एका हुकमाने मोडली.

२२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाश येथे गाठ पडली. कूटपाशी सुमारे १,९०० युरोपीय, २,१०० हिंदी शिपाई आणि काही घोडेस्वार होते. लालीचे युरोपीय बळ थोडे अधिक. लालीच्या घोडदळाने हल्ला करण्याचे नाकारले, त्याच्या डाव्या बगलेवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट होऊन गोंधळ माजला, आणि ती बगल सावरण्यासाठी धावलेला बुसी कैद झाला. मराठी वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की लालीच्या चाकरीत गुत्तीकर मुरारराव घोरपडे यांचे घोडदळ होते. ते लढाईत उतरले नाही. मुराररावांच्या स्वारांचा यात दोष काढणे योग्य होणार नाही. लालीची तिजोरी रिकामी होती, त्याचे स्वतःचे शिपाई पगारासाठी आधीच बंड करून बसले होते, आणि भाडोत्री घोडदळाने बुडत्या धन्यासाठी मरावे अशी अपेक्षा त्या काळी कोणीच करीत नसे. पण ते स्वार उतरले असते तर कूटची मोठी अडचण झाली असती, कारण घोडदळ हीच त्याची कायमची उणीव होती.

वांदिवाशनंतर कूटने अर्काट घेतले, एकेक ठाणे हस्तगत करीत पाँडिचेरीभोवती फास आवळला, आणि नेमक्या त्या वेळी लंडनहून आलेल्या कागदांनी त्याचा सहकारी कर्नल मॉन्सन याला त्याच्याहून ज्येष्ठ ठरविले. कूटने वेढा सोडून निघण्याची तयारी केली. मॉन्सन पहिल्याच हल्ल्यात जबर जखमी झाला आणि त्याने कूटलाच सूत्रे परत घेण्याची विनंती केली. १७६१ च्या पहिल्या तारखेच्या वादळाने इंग्रज आरमाराची मोठी हानी झाली, तरी वेढा उठला नाही. अन्न संपल्यावर जानेवारीच्या मध्यास पाँडिचेरी शरण आली. १४ जानेवारी रोजी पानिपतावर मराठी फौजेचा संहार झाला, त्यानंतर अवघ्या एक-दोन दिवसांत ही घटना घडली. दोन्ही घटनांचा परस्परांशी कार्यकारण संबंध नाही. तरी त्या एका आठवड्यात हिंदुस्थानच्या सत्तेसाठी झगडणारे दोन प्रतिस्पर्धी एकाच वेळी खाली आले, हे इंग्रजांच्या पुढच्या वाटचालीचा विचार करताना नजरेआड करता येत नाही.

शहर पडल्याबरोबर कलकत्त्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कूट आणि आरमाराच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे, पाँडिचेरी राजाची. मद्रासचा गव्हर्नर पिगट याचे म्हणणे, ती कंपनीची. पिगटने वाद घालण्यात वेळ दवडला नाही. शहर ताब्यात मिळेपर्यंत सैन्याच्या खर्चासाठी पैसा देणार नाही एवढेच त्याने कळविले. कूटला माघार घ्यावी लागली. एका वर्षात फ्रेंच साम्राज्य मोडणारा सेनापती तिजोरीच्या किल्लीपुढे नमला. त्याच्या आयुष्यातील हा प्रसंग वांदिवाशइतकाच बोलका आहे. (लालीचे दैव याहून कठोर निघाले. फ्रान्समध्ये त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप होऊन १७६६ मध्ये त्याचा शिरच्छेद करण्यात आला.)

बंगालमध्ये बदली झाल्यावरही हेच घडले. १७६१ मध्ये पाटण्याला नवा नवाब मीर कासीम आणि नायब रामनारायण यांच्या तंट्यात कूटने रामनारायणाची बाजू घेतली. कट शिजतो आहे या संशयाने एका पहाटे तो पिस्तुले घेऊन नवाबाच्या तंबूत शिरला. नवाबाने तक्रार केली, गव्हर्नर व्हॅन्सिटार्टने कूटला परत बोलावले. येथे कूटची बाजू घेणे कठीण आहे. राजकीय धोरण ठरविणे हे त्याचे काम नव्हते, आणि त्याचा संताप हा बहुतेक वेळा त्याच्या न्यायबुद्धीचा शत्रू ठरला. मात्र ज्या रामनारायणाचे संरक्षण त्याने केले त्याला त्याच्या बदलीनंतर नवाबाच्या स्वाधीन करण्यात आले आणि पुढे ठार मारण्यात आले, हेही तितकेच खरे.

१७६२ मध्ये तो स्वदेशी गेला. कंपनीने हिरेजडित मुठीची तलवार दिली, त्याने हॅम्पशायरमध्ये इस्टेट घेतली, पार्लमेंटचा सभासद झाला. १७६९ मध्ये मद्रासचा सेनापती म्हणून त्याची नेमणूक झाली. पण गव्हर्नर व कौन्सिल त्याचा अधिकार मानावयास तयार नव्हते. भांडण विकोपाला गेले आणि १७७० मध्ये तो परत फिरला. पुढच्या वर्षी सरदारकीचा किताब मिळाला. या मधल्या वर्षांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही.

१७७९ मध्ये सरसेनापती म्हणून तो कलकत्त्याला आला तेव्हा वॉरन हेस्टिंग्ज आणि फिलिप फ्रान्सिस यांच्या वैराने कौन्सिल दुभंगलेले होते. कूटचे मत आपल्या बाजूला असणे हेस्टिंग्जला आवश्यक होते. त्याने कूटला वर्षाला १८,००० पौंडांचा जादा भत्ता मंजूर केला आणि त्याचा बोजा अयोध्येच्या नवाबावर टाकला. पुढे हेस्टिंग्जवर पार्लमेंटमध्ये महाभियोग झाला त्यात हाही एक मुद्दा होता. कूटचे चरित्रकार या प्रकरणावरून घाईने पुढे जातात. शिपायांच्या पगारासाठी गव्हर्नरांशी भांडणारा हा सेनापती स्वतःच्या भत्त्याबाबत मात्र फारसा संकोची नव्हता.

आणि मग १७८० चा पावसाळा आला. इंग्रज-मराठा युद्ध सहाव्या वर्षात होते. वडगावच्या नामुष्कीनंतरही इंग्रजांनी ते रेटले होते, आणि नाना फडणिसांनी निजाम, नागपूरकर भोसले व हैदर अली यांना एकत्र आणून इंग्रजांविरुद्ध चौकडी उभारली होती. हैदरची कर्नाटकावरील स्वारी ही या योजनेचाच भाग होय. जुलैमध्ये ऐंशी-नव्वद हजारांची फौज घाटांखाली उतरली. १० सप्टेंबर रोजी पोल्लिलूर येथे कर्नल बेलीची सारी तुकडी नष्ट झाली. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत महालाच्या भिंतीवर या लढाईचे चित्र आहे. बक्सारचा विजेता हेक्टर मन्रो हा आपल्या तोफा कांचीपुरमच्या तलावात बुडवून मद्रासला पळाला.

हेस्टिंग्जने कूटला समुद्रमार्गे धाडले, सोबत १५ लाख रुपये दिले, आणि ते कसे खर्चावेत हे ठरविण्याचा अधिकार मद्रासच्या कौन्सिलला नव्हे तर एकट्या कूटला दिला. पाँडिचेरीला पिगटने जे शस्त्र वापरले होते ते या वेळी आधीच काढून घेण्यात आले. कूट चौपन्न वर्षांचा, प्रकृतीने खचलेला होता. मद्रासमध्ये त्याला आढळले ते असे : फौज थोडी, घोडदळ नाहीसे, धान्य संपत आलेले, आणि सर्वांत वाईट म्हणजे बैल नाहीत. बैलांवाचून तोफ हलत नाही, तांदूळ हलत नाही. आजूबाजूचा मुलूख हैदरच्या स्वारांनी बेचिराख केलेला.

यानंतरच्या दोन वर्षांच्या मोहिमा वाचताना एकच आकृती पुनःपुन्हा दिसते. कूट किनाऱ्याला चिकटून चालतो, कारण तांदूळ जहाजातून येतो. हैदर आडवा येतो. लढाई होते, कूट जिंकतो. पाठलागाला घोडे नसतात, पोटाला दोन-चार दिवसांचे धान्य उरते, आणि विजयी सैन्य परत किनाऱ्याकडे वळते. जून १७८१ मध्ये चिदंबरमच्या तटबंदीयुक्त देवळावरील त्याचा हल्ला फसला. त्या अपयशाने उत्तेजित होऊन हैदर पोर्टो नोव्होजवळ, म्हणजे परंगीपेट्टै येथे, त्याच्या वाटेत मोर्चे बांधून बसला. १ जुलै रोजी सुमारे आठ हजारांनिशी कूट निघाला. समोरच्या तोफांवर चालून न जाता तो समुद्राच्या बाजूला वळला आणि वाळूच्या टेकड्यांमधून हैदरनेच काढलेल्या वाटेने त्याची बगल गाठली. जनरल स्टुअर्टने एक उंचवटा धरून ठेवला, किनाऱ्याजवळच्या इंग्रज जहाजानेही तोफा डागल्या. लष्करी कौशल्याच्या दृष्टीने ही कूटची सर्वोत्तम लढाई, याबद्दल मतभेद असू नये. परंतु हैदरच्या तोफा सुखरूप निघून गेल्या. त्या ओढायला त्याच्यापाशी उत्तम बैल होते.

२७ ऑगस्टला पोल्लिलूर, २७ सप्टेंबरला शोलिंगूर, पुढच्या वर्षी २ जूनला अर्णी, असे आणखी तीन विजय कूटच्या नावावर आहेत. पोल्लिलूरची लढाई तर जवळजवळ अनिर्णित होती. स्टुअर्टचा पाय तोफगोळ्याने गेला. या विजयांपेक्षा वेल्लोरच्या किल्ल्याला दोनदा तांदूळ पोचविण्याची त्याची धडपड अधिक मोलाची वाटते. जानेवारी १७८२ मध्ये त्या वाटेवर त्याला झटका येऊन तो बेशुद्ध पडला. शुद्धीवर येताच पालखीतून कूच चालू ठेवले, आणि किल्ला वाचला. हिंदी शिपायांत तो कूट बहादूर म्हणून ओळखला जाई आणि त्याच्या मृत्यूनंतरही मद्रासमधील त्याच्या तसबिरीला जुने शिपाई सलाम करीत, असे सांगतात. हे प्रेम त्याने लढाया जिंकल्या म्हणून नसावे. भुकेल्या पलटणीच्या पोटाची काळजी करणारा सेनापती दुर्मीळ होता.

त्याच्या यशात पुणे आणि नागपूर यांचा अप्रत्यक्ष वाटा किती, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कर्नल पिअर्सची बंगाली फौज खुष्कीने ओडिशातून दक्षिणेला आली आणि ऑगस्ट १७८१ मध्ये कूटला मिळाली. ओडिशा भोसल्यांचा. मुधोजी भोसल्यांचा मुलगा चिमणाजी मोठी फौज घेऊन कटकला होता आणि चौकडीच्या करारानुसार त्याने बंगालवर चालून जावयाचे होते. हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजले, भोसल्यांची फौज जागची हलली नाही, आणि पिअर्स तिच्या मुलखातून निर्धास्त निघून गेला. वांदिवाशला तटस्थ राहिलेल्या स्वारांची आठवण येथे होते. फरक एवढाच की मुरारराव भाड्याने आले होते, तर नागपूरकर हे मराठी राज्यमंडळाचे सेनासाहेबसुभा होते. उलट बाजूने, १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने मराठा आघाडी थंडावली, पण नानांनी त्याला पुण्याची अंतिम मान्यता देणे हैदरच्या मृत्यूपर्यंत लांबविले. तोवर कूटच्या डोक्यावरचे ओझे पुरते उतरले नाही.

जून १७८१ मध्ये मद्रासला नवा गव्हर्नर आला होता. लॉर्ड मॅकार्टनी. तोही आयर्लंडचाच, अँट्रिम परगण्यातला, त्याच वर्गातला. स्वच्छ हाताचा, कुशल, आणि लष्कराने मुलकी सत्तेखाली राहिले पाहिजे या मताचा. कूटपाशी कलकत्त्याने दिलेला स्वतंत्र अधिकार होता. बैल, तांदूळ आणि महसूल मात्र मॅकार्टनीकडे. दोघांत अखंड पत्रयुद्ध चालले. कूटला वाटे, आपल्याला जाणूनबुजून उपाशी ठेवले जाते. मॅकार्टनीला वाटे, हा रोगट म्हातारा काहीही दिले तरी पुरेसे म्हणणार नाही. निष्पक्षपणे पाहता जे नव्हते ते मॅकार्टनी देऊ शकत नव्हता. आणि तरीही, एका मोहिमेची जबाबदारी एकाकडे व साधने दुसऱ्याकडे ठेवल्यास जे व्हावयाचे तेच झाले. सप्टेंबर १७८२ मध्ये कूट प्रकृतीच्या कारणाने कलकत्त्याला गेला.

७ डिसेंबरला हैदर वारला. फ्रान्सहून नवी फौज कडलोरकडे येत होती आणि तिचा सेनापती होता वृद्ध झालेला बुसी, वांदिवाशचा कैदी. कूट पुन्हा निघाला. वाटेत फ्रेंच जहाजांनी त्याच्या जहाजाचा पाठलाग केला. त्या धावपळीत त्याला पुन्हा झटका आला. एप्रिल १७८३ च्या अखेरीस, मद्रासला पोचून थोडेच दिवस झाले असता, तो मरण पावला. बुसीशी दुसरी भेट झाली नाही. त्याचा देह पुढे हॅम्पशायरमधील रॉकबर्न येथे नेण्यात आला.

सेनापतिपद स्टुअर्टकडे आले आणि भांडणही. याच स्टुअर्टने १७७६ मध्ये, आपल्या कौन्सिलशी बिनसलेल्या पिगटला मद्रासमध्ये अटक केली होती. आता १७८३ मध्ये मॅकार्टनीने स्टुअर्टला अटक करून जहाजावर चढविले. १७८६ मध्ये इंग्लंडमध्ये एका पायाच्या स्टुअर्टने मॅकार्टनीला द्वंद्वाचे आव्हान देऊन जखमी केले. त्याच वर्षी लॉर्ड कॉर्नवॉलिस गव्हर्नर-जनरल होऊन आला, तो सरसेनापतिपदही स्वतःकडे ठेवून आणि कौन्सिलचा निर्णय डावलण्याचा कायदेशीर अधिकार घेऊन. तिसऱ्या म्हैसूर युद्धात मद्रासच्या बैलांसाठी त्याला कोणाची मनधरणी करावी लागली नाही.

कंपनीने वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये कूटचे भव्य स्मारक उभारले. शिल्पकार टॉमस बँक्स. विजयदेवता सेनापतीची प्रतिमा ताडाच्या झाडाला अडकवीत आहे आणि पायाशी एक बंदिवान शोकमग्न बसला आहे, अशी रचना आहे. स्मारकाच्या जुन्या वर्णनांत या बंदिवानाला मराठा म्हटले आहे. मराठी फौजेशी कूटचा मोठा संग्राम कधी झालाच नव्हता.